अक्षता पडताना फोटोग्राफरनं कुठं उभं राहायचं? बेळगाव भागातल्या लग्नांसाठी पायरी-पायरीनं

मी एकट्यानं घेतलेलं पहिलं लग्न खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातलं. दारात मांडव, दीडेक फूट उंचीचं स्टेज, आणि मी त्या स्टेजच्या मधोमध, नवरा-नवरीपासून हातभर अंतरावर. अंतरपाट सरला, मी धडाधड फोटो काढले, मनासारखे मिळाले. दुपारी घरी येऊन शर्ट काढला तर कॉलरीत, पाठीवर, बनियनच्या आत नुसते तांदूळ. दोन दिवसांनी नवरीचा भाऊ फोटो निवडायला आला तेव्हा कळलं की माझ्या बरोब्बर मागं, पहिल्या रांगेत, नवरीची आजी बसली होती. तिला उठता येत नव्हतं, जीपमधून खुर्चीसकट आणली होती. तिनं टाकलेल्या सगळ्या अक्षता माझ्या पाठीवर पडल्या. शेवटी तिनं शेजारणीला विचारलं होतं, ‘लागलं काय गं लगीन?’

तेव्हापासून मी जागा ठरवताना आधी खुर्च्यांकडं बघतो आणि मग स्टेजकडं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात नव्यानं लग्नं घ्यायला लागलेल्या पोरापोरींना कॅमेरा चालवायला कुणी ना कुणी शिकवतं. उभं कुठं राहायचं, कधी हलायचं, कधी अजिबात हलायचं नाही, हे मात्र चुका करूनच शिकावं लागतं. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

१. आठ दिवस आधी: कागद आणि माणसं

हे कागद हातात असल्याशिवाय लग्नाला जाऊ नका:

- लग्नपत्रिका. आपल्या भागात ती बऱ्याचदा मराठी आणि कन्नड दोन्हीत असते. हळद किती वाजता, अक्षता किती वाजता, ठिकाण कुठलं, हे स्वतः वाचा. फोनवर कुणी सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका.
- एका पानाचा करार. तारीख, किती तास, किती माणसं, अल्बम कधी, इसार किती, उरलेली रक्कम कधी. दोघांच्या सह्या. ओळखीतलं लग्न असेल तर तो आधी करा.
- मानाच्या माणसांची यादी. मामा कोण, आत्या कोण, करवली कोण, आजी-आजोबा आहेत का, कुणाला चालायला त्रास आहे का.
- विधींचा क्रम. हा घरच्यांकडून घेऊ नका, गुरुजींकडून घ्या.
- कार्यालयात लग्न असेल तर मॅनेजरशी बोलून वरच्या माळ्याची किल्ली, शिडी आणि स्टेजजवळचा प्लग यांची सोय.
- तुमचं ओळखपत्र, आणि ड्रोन उडवायचा असेल तर त्याची नोंदणी.

ड्रोनबद्दल इथंच सांगून टाकतो. बेळगावात छावणीचा मोठा भाग आहे आणि सांबऱ्याला विमानतळ व हवाई दलाचं केंद्र आहे. ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर लग्नाचं ठिकाण कुठल्या रंगात येतं ते बघितल्याशिवाय ड्रोनचं कबूल करू नका. ‘सगळेच उडवतात की’ हे उत्तर पोलिसांसमोर चालत नाही.

आता माणसं. गुरुजींना आठवड्यात एकदा फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: मंगलाष्टका किती होणार, घरचं कुणी म्हणणार आहे का, आणि अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार. हा शेवटचा प्रश्न ऐकून गुरुजी हसतील, खरं तुमची जागा त्याच्यावरच ठरते. दोन्ही घरांतून एकेक माणूस मागून घ्या, जो मांडवात तुमच्या शेजारी उभा राहून ‘हे थोरले काका, हे आमचे गावचे पाटील’ असं दाखवेल. नवऱ्याचा किंवा नवरीचा सख्खा भाऊ मागू नका, त्याला त्या दिवशी श्वास घ्यायला सवड नसते. चुलतभाऊ किंवा मेव्हणा चांगला.

२. सोबत काय न्यायचं

दोन बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, दोन्हीत दोन-दोन कार्डं. एकीवर २४-७० मिलिमीटरची लेन्स, दुसरीवर ७०-२०० किंवा ८५ ची. स्टेज छोटं असेल तर ३५ हाताशी असू द्या. अक्षतांच्या वेळी लेन्स बदलायची वेळ आली म्हणजे तयारी चुकली. दोन फ्लॅश, चार बॅटऱ्या, रंगीत चिकटपट्टी, छोटा टॉर्च, लेन्स पुसायचं फडकं आणि एक प्लॅस्टिकची मोठी पिशवी. ही पिशवी एप्रिल-मेच्या लग्नात कामाला येते. खानापूर-बेळगाव पट्ट्यात दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि कापडी मांडव पहिल्या पाच मिनिटांतच गळायला लागतो.

पायातलं पटकन काढता-घालता येईल असंच घाला. देवक, होम, कळस यांच्या जवळ चपला-बूट चालत नाहीत, आणि लेस सोडत बसलात तर समोरचा क्षण गेला. मी साधे मोजे घालतो. फरशीवर घसरायला होत असेल तर तेही काढतो.

कपडे साधे, गडद, पण काळे टाळा. काही घरांत शुभकार्यात काळं चालत नाही आणि ते तुम्हाला तोंडावर सांगणारही नाहीत. मी गडद निळा सदरा घालतो.

३. तासभर आधी: स्टेज चालून बघा

मांडवात पोचल्यावर कॅमेरा बाहेर काढू नका. आधी पहिल्या रांगेतल्या चारपाच खुर्च्यांवर बसून बघा, एकेका खुर्चीवरून. तिथून नवरा-नवरीच्या उभं राहायच्या जागेकडं नजर जाते ती रेघ लक्षात ठेवा. अक्षता संपेपर्यंत त्या रेघेत उभं राहायचं नाही. आजी-आजोबांना कुठं बसवणार हे घरच्या माणसाला विचारा. नसेल ठरलं तर तुम्हीच सुचवा: ‘आबांना हितं कडंला बसवूया, मी ह्या बाजूला येणार नाही.’ मी हे करायला लागल्यापासून घरची माणसं मला दिवसभर वाट करून देतात.

मग स्टेजवर जा. नवरा-नवरीचे पाट कुठं मांडलेत, होमकुंड कुठं, गुरुजी कुठं बसणार, मामा कुठून येणार. पारंपरिक मांडणीत दोघं पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे असतात, म्हणजे अंतरपाट दक्षिणोत्तर ताणला जातो. कार्यालयात स्टेज जसं असेल तशी ही दिशा फिरते, म्हणून दोघं खुर्च्यांकडं बाजू करून उभे राहणार की एकाची पाठ खुर्च्यांकडं येणार, हे डोळ्यांनी बघा.

मी तीन जागा पक्क्या करतो आणि त्यांना नावं देतो, म्हणजे सोबतच्या पोराला ओरडून सांगायला सोपं.

कडंची पायरी: स्टेजला बाजूनं चढायची पायरी असते, तिच्या दुसऱ्या टप्प्यावर. इथून कुणाची नजर अडत नाही आणि दोन पावलांत वर जाता येतं.

अंतरपाटाचं टोक: अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी एकाच्या खांद्यामागं. याबद्दल पुढं सविस्तर सांगतो.

खुर्च्यांमागची जागा: मधल्या वाटेच्या शेवटाला, स्टुलावर किंवा माळ्यावर. इथं ७०-२०० घेऊन दुसरा फोटोग्राफर.

या तीन जागांच्या मधली वाट मोकळी आहे का ते पायांनी चालून बघा. वायरी, हारांच्या पाट्या, कळस, रुखवताचं टेबल. आडवी वायर दिसली की साऊंडवाल्याला सांगून चिकटपट्टी मारून घ्या.

व्हिडिओवाल्याशी बोलणं याच तासात करा. साधा करार: तो एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि अंतरपाट सरताना दोघांपैकी कुणीच जोडप्याच्या समोर येणार नाही. क्रेन लावणार असेल तर तिचा हात कुठपर्यंत फिरतो ते बघा.

एलईडी भिंत किंवा एलईडी दिवे असतील तर एक चाचणी फोटो काढा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर फोटोत आडवे पट्टे येत नाहीत, १/२५० ला येऊ शकतात. मागच्या एलईडी भिंतीचं गणित वेगळं, ती समोरून घेतली की पट्टे पडतात. म्हणून मी शक्यतो तिरक्या कोनातून घेतो, भिंत निम्मीच फोटोत येते. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर वर फ्लॅश मारू नका, सगळ्यांचे चेहरे कापडाच्या रंगाचे होतात.

४. हळद

हळदीला मोकळं फिरा, इथं कुणाला राग येत नाही. एकच पथ्य: आंघोळीच्या जागी चार कोपऱ्यांना तांबे ठेवून सूत गुंडाळलेलं असतं, त्या सुताला पाय लागू द्यायचा नाही आणि ते ओलांडायचंही नाही. कोपऱ्यातल्या तांब्यामागून, थोडं उंचावरून घेतलं की चारही तांबे, सूत आणि मधली माणसं एकत्र येतात. आतल्या खोलीत बायकांचं काही चालू असेल तर विचारल्याशिवाय आत जाऊ नका. सोबत मुलगी फोटोग्राफर असेल तर ते काम तिचं.

हळद लेन्सच्या काचेवर बसली तर ओल्या फडक्यानं चोळू नका, आधी फुंकणीनं झटका.

५. मारुतीचं देऊळ आणि व्याह्यांची भेट

नवरदेव मारुतीला जातो तेव्हा तुम्ही आधी देवळात पोचा. गाभाऱ्याच्या दारातून बाहेर तोंड करून उभं राहू नका, तिथं देवाकडं पाठ होते आणि गावकऱ्यांना ते खटकतं. दाराच्या बाजूला भिंतीला टेकून, आत येणाऱ्यांकडं तिरकं बघत उभं राहा.

व्याह्यांच्या भेटीत दोन्हीकडचे लोक गोल करून उभे राहतात. त्या गोलाच्या आत जाऊ नका, कडेला गुडघ्यावर बसा. भेटणारे दोघं एकमेकांना मिठी मारतात तेव्हा एकाचाच चेहरा तुम्हाला दिसणार. यादी आधीच बघून ठेवली असेल तर मामांच्या जोडीला नवरीकडच्या मामांचा चेहरा, वडिलांच्या जोडीला नवऱ्याकडच्या वडिलांचा, असा आलटून-पालटून कोन घेता येतो. नाहीतर अल्बम बघताना एका घरची माणसं फक्त पाठमोरी सापडतात. त्याचा राग फार काळ राहतो.

६. अक्षता

आपल्याकडं लोक ‘लग्नाला या’पेक्षा ‘अक्षतांना या’ म्हणतात. सगळा दिवस या दहा-पंधरा मिनिटांभोवती फिरतो, आणि फोटोग्राफरच्या सगळ्यात मोठ्या चुकाही याच दहा-पंधरा मिनिटांत होतात.

मंगलाष्टका सुरू झाल्या की पहिली दोन कडवी खुर्च्यांच्या बाजूनं. पूर्ण स्टेज, दोन्हीकडचे मामा, मागं कळस आणि दिवा घेऊन उभ्या करवल्या. मामांना हलवायला सांगू नका. नवरा-नवरीच्या पाठीशी उभं राहणं हा त्यांचा मान आहे. मामा आडवे येत असतील तर तुम्ही हला.

मग स्टेजवर कधी चढायचं? ‘सावधान’ झालं आणि अक्षता उडाल्या की त्या तीन-चार सेकंदांत सगळ्यांचं लक्ष स्वतःच्या मुठीकडं असतं. हलायचं ते तेव्हाच. कडवं चालू असताना, गाणारा ताल धरून म्हणत असताना, तुम्ही स्टेजवरून चालत गेलात तर हजार डोळे तुमच्यावर येतात. एका ‘सावधान’ला पायरीवर, पुढच्या ‘सावधान’ला टोकाच्या जागेवर, असं दोन टप्प्यांत जा.

तिसऱ्या-चौथ्या कडव्याला अंतरपाटाच्या टोकाशी असायला हवं. ही जागा मला सगळ्यात जास्त आवडते. कापडाच्या टोकाशी डोळा लावला की मधे कापडाची एक उभी रेघ, डावीकडं एक चेहरा, उजवीकडं दुसरा. दोघांनाही समोरचं दिसत नसतं, आणि दोघं काय करतायत हे फक्त तुम्हाला दिसतं. नवरीच्या मुंडावळीचा मोती हलत असतो, नवऱ्यानं हार दोन्ही हातांत घट्ट धरलेला असतो, फुलं चुरगळलेली असतात. ८५ असेल तर एकेक चेहरा, ३५ असेल तर दोन्ही एकत्र.

टोकं दोन असतात. गुरुजी ज्या बाजूला अंतरपाट ओढणार तिच्या उलट्या टोकाला उभं राहा. ओढणाऱ्या बाजूला राहिलात तर कापड आणि कापड धरलेला माणूस दोघंही तुमच्या अंगावर येतात आणि ज्या क्षणासाठी इतका वेळ थांबलात त्याच क्षणी समोर पांढरं कापड.

शेवटचं कडवं कसं ओळखायचं? घरच्यांनी रचलेल्या मंगलाष्टका लांबतात, कधी तीन जणी गातात, कधी सात. पण शेवटी गुरुजी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ म्हणतात, ते कानावर पडलं की थांबा. तिथून पुढं जागा बदलायची नाही, लेन्स बदलायची नाही, पडद्यावर मागचे फोटो बघायचे नाहीत. श्वास सोडा, शटरवर बोट.

सेटिंगबद्दल दोन गोष्टी. उडणाऱ्या अक्षता स्पष्ट हव्या असतील तर शटर १/५०० च्या आसपास, आणि प्रकाश कमी असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवा. पट्टे आलेच तर एकदोन फोटो १/१०० वर घ्या, अक्षतांच्या रेघा येतील, त्याही चांगल्या दिसतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: कॅमेऱ्याचा ऑटोफोकस हवेतल्या तांदळावर जातो. (काही गावांत जोंधळ्याच्या अक्षता असतात, त्या वजनदार, जास्तच फसवतात.) फोकसचा एकच बारीक ठिपका नवरीच्या डोळ्यावर ठेवून फोकस बांधून टाका आणि मग अक्षता पडू द्या.

अंतरपाट सरला की हार. इथं दोस्तमंडळी नवरदेवाला खांद्यावर उचलतात. दोन पावलं मागं या आणि २४ वर जा, नाहीतर नवरीचं डोकं आणि नवऱ्याचे पाय एवढंच मिळतं.

या सगळ्या वेळात तुमचा दुसरा माणूस खुर्च्यांमागच्या जागेवरून खुर्च्यांकडं बघत असायला हवा. बाप हात जोडून उभा असतो. धाकटी बहीण मुठीतल्या अक्षता टाकायचं विसरून नुसती बघत असते. आणि एक गोष्ट जरूर विचारून ठेवा: आई कुठं असणार? काही घरांत नवरीची आई अक्षतांच्या वेळी मांडवात थांबत नाही. एका लग्नात मी टोकाच्या जागेवर होतो आणि माझ्या सोबतची मुलगी मागच्या अंगणात. तिथं आई तुळशीपुढं उभी राहून तांब्यातून पाण्याची बारीक धार सोडत होती, लाऊडस्पीकरवरून मंगलाष्टका ऐकत. ‘सावधान’ झालं, बाहेर वाजंत्री सुरू झाली, आणि त्या बाईनं रिकामा तांबा छातीशी धरला. त्या अल्बमचं पहिलं पान त्याच फोटोचं केलं.

गोरज मुहूर्त असेल तर एक इशारा. मंगलाष्टका सुरू होताना उजेड असतो, संपताना नसतो. पहिल्या कडव्याचं सेटिंग शेवटच्या कडव्याला लागू पडत नाही, मधे एकदा तपासा.

७. कन्यादान आणि मंगळसूत्र

कन्यादान हातांचं आहे. आई धार सोडते, वडिलांच्या आणि नवरीच्या हातांवरून पाणी नवरदेवाच्या ओंजळीत येतं आणि खाली काशाच्या भांड्यात पडतं. उभ्यानं घेतलात तर चार डोकी दिसतील. बाजूनं, जमिनीवर मांडी घालून बसा, कॅमेरा हातांच्या पातळीला. पाण्याची धार मागच्या उजेडाविरुद्ध आली की चमकते. एवढं झालं की मान वर करून वडिलांचा चेहरा घ्या. तो एकच, आणि फ्लॅश न मारता.

मंगळसूत्राच्या वेळी नवऱ्याचं मनगट नवरीच्या हनुवटीवर येतं. अगदी बाजूनं घेतलंत तर दोघांचेही चेहरे हातामागं जातात. समोरून, थोडं नवरीच्या बाजूला सरकून, त्यांच्या डोळ्यांपेक्षा वीतभर उंचावरून घ्या. मागं नणंद केस आणि पदर सावरत असते, तिचे हात फोटोत येऊ द्या. पुढच्या बाजूला मोबाईल घेऊन आलेल्या पाहुण्यांना ओरडू नका. हळू आवाजात सांगा: ‘आक्का, जरा खाली बसतासा काय? तुमचाबी फोटो चांगला येईल.’ बसतात.

८. होम, लाह्या आणि सात पावलं

होमाच्या वेळी पाहुणे जेवायला गेलेले असतात आणि स्टेज मोकळं असतं. त्यामुळं नवीन मुलं कुठंही शिरतात. जोडप्याच्या आणि अग्नीच्या मधून कधीही जायचं नाही. लागलं तर गुरुजींच्या मागून लांबचा फेरा मारा.

सुरुवातीला अग्नीच्या पलीकडं, जोडप्याच्या समोर बसा. ज्वाळेचा उजेड त्यांच्या तोंडावर येतो, फ्लॅश बंद करून बघा. धूर कुणीकडं जातो ते पंख्यावर ठरतं, धूर तुमच्याकडं येत असेल तर पंख्याची दिशा बदलायला सांगा, गुरुजींनाही बरं वाटतं.

लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. याच सुमाराला तो नवरदेवाचा कान पिळतो, आणि ते इतकं पटकन होतं की भावाला आधी विचारून ठेवलं नसेल तर हातचं जातं.

प्रदक्षिणेत अग्नी कायम जोडप्याच्या उजव्या हाताला असतो. म्हणजे तुम्ही त्यांच्या समोर असाल तर तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात, फेऱ्याच्या बाहेर सरका. तिथं ते तुमच्या तोंडावर चालत येतात आणि कडेला अग्नी येतो. डाव्या कोपऱ्यात राहिलात तर तुमच्या समोरून आडवे जातात आणि मग पाठ.

गुरुजी तांदळाच्या सात राशी मांडायला लागले की लगेच सातव्या राशीच्या पलीकडं, तीन पावलांवर जाऊन बसा. कॅमेरा अगदी जमिनीलगत. पहिल्या पावलापासून नवरी तुमच्याकडं चालत येते. मागून घेणारे खूप बघितलेत, त्यांना शालूची घडी तेवढी मिळते.

९. घर कन्नड असेल तर

या भागात काम करायचं तर निम्मी लग्नं कन्नड घरची असतात, आणि बऱ्याच लग्नांत एक घर मराठी, एक कन्नड. भाषेचा धसका घेऊ नका, चार वाक्यं पाठ करा. ‘ई कडे नोडरी’, म्हणजे इकडं बघा. ‘स्वल्प हिंद सरीरी’, म्हणजे जरा मागं सरका. ‘कूडरी’, बसा. ‘वंद निमिष निल्री’, एक मिनिट थांबा. शेवटी ‘री’ विसरू नका, आपल्या ‘अहो’इतकं त्याला महत्त्व आहे. मोडकं बोललात तरी माणसं खुश होतात.

लिंगायत लग्नात बऱ्याचदा होम नसतो, त्यामुळं वरच्या आठव्या पायरीचं सगळं बाजूला ठेवा. जंगम स्वामी किंवा मठाचे स्वामीजी आलेले असतील तर त्यांची बसायची जागा उंच असते. त्यांच्या समोरून आडवं जायचं नाही, त्यांच्याकडं पाठ करून उभं राहायचं नाही. कळसांची मांडणी आणि तिथलं सूत, त्याच्यावरून पाय टाकायचा नाही, आणि कॅमेऱ्याचा पट्टा त्यात अडकणार नाही हेही बघा. क्रम घरोघरी बदलतो. म्हणून स्वामींच्या सोबत आलेल्या माणसाला आधीच विचारा की ताळी, म्हणजे मंगळसूत्र, कधी बांधणार. वाजंत्री एकदम जोरात सुरू होते तेव्हा ताळी बांधली जात असते, तेव्हा पोचायला धावलात तर उशीर झालेला असतो.

१०. आहेर आणि स्टेजवरची रांग

इथं एकाच जागी उभं राहायचं. चिकटपट्टीचा तुकडा जमिनीवर लावा आणि तिथून हलू नका. लोक एका पायरीनं चढून दुसऱ्या पायरीनं उतरतील अशी वाट घरच्या माणसाकडून करून घ्या. म्हातारी माणसं आणि लांबच्या गावाहून आलेले आधी, दोस्तमंडळी शेवटी. पुढं उभ्या असलेल्या लहान पोरांना नवरा-नवरीच्या पायाशी बसवा. नवरी चार तास उभी आहे हे लक्षात ठेवून दर अर्ध्या तासानं तिला बसायला सांगा, घरच्यांच्या ते ध्यानात राहत नाही.

पंगतीचे फोटो घ्यायचे तर वाढप सुरू होताना घ्या. जेवताना तोंडात घास असलेल्या माणसावर लेन्स रोखू नका.

११. पाठवणी आणि उंबरठा

पाठवणीत गाडीच्या पुढं उभे राहू नका. गाडीच्या पलीकडच्या दाराजवळ थांबा, काच खाली करून घ्या, आणि आतून बाहेर घ्या. आई-बाप, भाऊ खिडकीशी वाकतात. दोनतीन फोटो झाले की कॅमेरा खाली घ्या आणि बाजूला व्हा. कुणी फार रडत असेल तर मी फोटो काढणं तिथंच थांबवतो.

मग वरातीच्या आधी नवऱ्याच्या घरी पोचा. गाव सीमेपलीकडं, चंदगड किंवा गडहिंग्लजकडं असेल तर गर्दीत मागं पडू नये म्हणून मी मधल्या विधीतच सोबतच्या पोराला पुढं पाठवतो. नवरी माप ओलांडते तेव्हा तुम्ही घराच्या आत असायला हवं, उंबरठ्यापासून सात-आठ फुटांवर, बूड टेकून. बाहेर उजेड असेल तर दारातली माणसं काळी दिसतात, म्हणून आतला दिवा लावायला सांगा आणि उजेड नवरीच्या चेहऱ्यावर मोजा, दारावर नको. माप उजव्या पायानं लवंडतं, तांदूळ तुमच्या दिशेनं येतात. फोकस आधीच मापावर बांधून ठेवा, आणि सासूला हळूच सांगून ठेवा की तुम्ही खूण केल्याशिवाय नवरीला हाताला धरून आत ओढायचं नाही.